शंभरातले सव्वादोन रुपये

श्रोतेहो, नमस्कार.

१९७१ साली यशवंतराव चव्हाण देशाचे अर्थमंत्री होते. त्या वर्षी त्यांनी अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, वाढवला आणि दोन लाखांवरच्या उत्पन्नाचा प्राप्तिकर पोचला ९७.७५ टक्क्यांवर. म्हणजे दोन लाखांच्या पुढे मिळवलेल्या प्रत्येक शंभरातले सव्वादोन रुपये मिळवणाऱ्याचे, बाकीचे सरकारचे. संपत्ती कर वेगळाच!

एवढा कर भरायचा कोणी? ज्याला उत्पन्न लपवता येत नव्हतं त्यानं. न्यायमूर्ती वांछू समितीनं करचुकवेगिरीच्या कारणांत चढ्या दरांना पहिलं स्थान दिलं आणि दर ७५ टक्क्यांपर्यंत उतरवायला सांगितलं. १९७४ मध्ये तो ७७ वर आणला तोही चव्हाणांनीच. आपणच चढवलेला दर आपणच उतरवायला मोकळं मन लागतं, असं माझं मत.

आज सर्वांत वरचा दर ३० टक्के, १९९७ पासून तोच. ऐकायला बरं वाटतं, पण अधिभार गेलेला नाही. उत्पन्न ५० लाखांपुढे गेलं की करावर १० टक्के, कोटीपुढे १५, दोन कोटींपुढे २५. वर सगळ्यांनाच ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर. दोन कोटींपुढच्याचा हिशेब मग ३९ टक्क्यांवर जातो. जुनी करपद्धत निवडली आणि उत्पन्न पाच कोटींवर असलं, तर अधिभार ३७ टक्के आणि कर ४२.७४.

सरळ दरच का वाढवत नाहीत? एक कारण फारसं बोललं जात नाही. मूळ प्राप्तिकरातला वाटा वित्त आयोगाच्या सूत्रानं राज्यांना द्यावा लागतो; अधिभार आणि उपकर अख्खा केंद्राच्या तिजोरीत राहतो. महाराष्ट्रानं याची तक्रार करायला हवी.

आता धंद्याकडे वळू. २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत, जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी, निर्मला सीतारामन यांनी सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा कर २२ टक्के केला. अधिभार-उपकर धरून २५.१७. त्या दिवशी शेअर बाजार उसळला. भागीदारी पेढीचा दर मात्र ३० टक्केच राहिला. नफा कोटीवर गेला की सगळं धरून जवळपास ३५. साहजिकच पेढीवाल्यांना सल्ला मिळू लागला, 'कंपनी करून टाका.'

थांबा, कागद-पेन्सिल घ्या. पेढीनं ३५ भरले की उरलेले ६५ भागीदारांचे, त्यांच्या वाट्याच्या नफ्यावर पुन्हा कर नाही. कंपनीनं शंभरातले २५ भरले, ७५ उरले. ते मालकानं लाभांश म्हणून घरी नेले की त्याच्या टप्प्यानुसार पुन्हा कर, कारण २०२० पासून लाभांशावरचा कर घेणाऱ्यानं भरायचा. वरच्या टप्प्यातल्या माणसाला तो जवळपास ३६ टक्के पडतो, कारण लाभांशावर अधिभार १५ टक्क्यांवर थांबतो. हातात उरले साधारण ४८.

म्हणून नफा धंद्यातच ठेवून नवी यंत्रं घ्यायची असतील तर कंपनी बरी. दरवर्षी नफा वाटून घरी न्यायचा असेल तर पेढी मोडायची घाई करू नका. संचालक म्हणून पगार घ्यायचीही वाट आहे. तो कंपनीच्या खर्चात जातो, पण त्यावर तुम्हाला पूर्ण टप्प्याचा कर आणि पूर्ण अधिभार. तुमच्या सीएकडे जाल तेव्हा पहिल्यांदा हे सांगा, की नफ्यातले किती पैसे तुम्हाला खरोखर घरी लागतात.