शेवटचे वीस फूट

श्रोतेहो, नमस्कार.

विमान अपघात म्हटलं की आग, धूर, ढिगारा डोळ्यांसमोर येतो. पण सोसाट्याच्या वाऱ्यात उतरताना छोटी विमानं सापडतात ते अपघात बहुधा असे नसतात. मोडलेलं पुढचं चाक, वाकलेलं प्रोपेलर, गवतात तिरकं घुसलेलं विमान, आणि शेजारी ओशाळून उभा असलेला वैमानिक. आज त्याच्याविषयी बोलू.

सेस्ना १७२ हे चार आसनांचं विमान घ्या. माणसं, इंधन भरून वजन जेमतेम अकराशे किलो. ते साधारण ६५ नॉटने, म्हणजे ताशी १२० किलोमीटरने, धावपट्टीकडे येतं. वारा समोरून १५ नॉट, मध्येच झोत २५ चा. झोत ओसरला की पंखावरून जाणारी हवा क्षणात १० नॉटने मंदावते. उंचावर असताना नाक थोडं खाली घेऊन वेग भरून काढता येतो. जमिनीपासून वीस फुटांवर खाली जायला जागाच नसते. तिथे तर वैमानिक मुद्दाम वेग कमी करत असतो, आणि त्याच वेळी वारा हात काढून घेतो. विमान धपकन आपटतं.

म्हणून शिकवतात, की झोत आणि मूळ वारा यांतल्या फरकाचा निम्मा वेग वाढवून या. इथे ५ नॉट. काही जण भीतीपोटी पंधरा वाढवतात, आणि मला वाटतं जास्त विमानं या भीतीनेच मोडतात. वेग दहा टक्के वाढला तर गतिज ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. विमान टेकायलाच तयार होत नाही, धावपट्टी मागे सरत राहते. मग वैमानिक ते दाबून टेकवायला जातो, पुढचं चाक आधी लागतं, विमान उसळतं. तो पुन्हा नाक दाबतो, पण उसळी त्याच्या हातांपेक्षा चपळ असते. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, आणि तिसऱ्या-चौथ्या आदळण्यात ते चाक जातं.

उपाय साधा आहे: पहिली उसळी वेडीवाकडी वाटली की पूर्ण शक्ती द्यायची आणि पुन्हा वर जायचं. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. त्यात लाज कसली? पण शेजारी पाहुणा बसलेला असतो, घड्याळ पुढे सरकत असतं, आणि धावपट्टी इतकी जवळ दिसते की हात थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनाची शक्ती वाढवणाऱ्या दांड्याकडे, जातच नाही. आणि गेलाच, तर एकदम आलेल्या शक्तीने नाक वर आणि डावीकडे ओढ घेतं. उजवा पाय रडरवर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू फिरवणाऱ्या पेडलवर, तयार नसेल, तर सुटकेचा रस्ताच अंगावर येतो.

वारा तिरका असेल तर आणखी एक गोष्ट. या विमानाच्या पुस्तिकेत १५ नॉटचा आडवा वारा लिहिलेला असतो. ती मर्यादा नव्हे. चाचणीच्या वेळी कसलेल्या वैमानिकाने तेवढ्या वाऱ्यात उतरून दाखवलं, एवढाच तिचा अर्थ. आपला हात तेवढा बसला आहे का, हे पुस्तिका सांगत नाही.

आणि चाकं टेकली म्हणजे सुटलो, असं समजू नका. उभी शेपटी वाऱ्यात सापडते आणि विमान वाऱ्याच्या तोंडाकडे वळू बघतं. वाऱ्याकडच्या पंखाखाली हवा शिरून तो उचलला जातो. म्हणून जाणते वैमानिक टेकल्यावरही हातातलं कंट्रोलचं चाक वाऱ्याच्या बाजूला वळवूनच ठेवतात. पार्किंगकडे जाताना वाऱ्याची दिशा बदलेल तसा हात बदलत राहतात, चाकांना अडसर लागेपर्यंत.