पर्यावरण खातं गोदीच्या फाटकावर

मंडळी, सुरुवात आपल्या ओळखीच्या नावानं करतो. दार-एस-सलामच्या रस्त्यावर ज्याला रिक्षा हवी असते, तो 'बजाजी' शोधतो. इथिओपियात तिलाच 'बजाज' म्हणतात. पुण्याच्या कारखान्याचं नाव तिकडे सामान्यनाम होऊन बसलंय, आपल्याकडे वनस्पती तुपाचं 'डालडा' झालं तसं. तर याच इथिओपियानं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं, की पेट्रोल-डिझेलच्या मोटारी यापुढे देशात आणता येणार नाहीत, आणायच्या तर विजेवरच्या. असं करणारा जगातला हा पहिला देश. नॉर्वे नव्हे, जर्मनी नव्हे, इथिओपिया!

एवढ्या गरीब देशाला हे परवडतं कसं, असं आपल्या मनात येतं. खरं उलट आहे. तेल परवडत नाही म्हणूनच हा निर्णय झाला. तेलाला डॉलर मोजावे लागतात, वीज मात्र घरच्या धरणांची. तिथल्या मंत्र्यांनीही कारण देताना परकीय चलनाचंच नाव घेतलं. पर्यावरण मागच्या दारानं आत आलं. आल्याशी मतलब.

आफ्रिकेतल्या देशांचे असे निर्णय वाचताना एक गोष्ट माझ्या वारंवार लक्षात आली. त्यांचं पर्यावरण धोरण पुष्कळदा पर्यावरण खात्यात सापडत नाही. ते सापडतं आयातीच्या नियमांत, गोदीवर, कस्टमच्या टेबलावर. कारण साधं आहे. कारखान्याच्या धुराड्यावर लक्ष ठेवायचं तर निरीक्षक लागतो, प्रयोगशाळा लागते, कोर्टात टिकेल असा कागद लागतो. गोदीवर एक अधिकारी आणि एक यादी पुरते. घरात शिरलेला पसारा आवरण्यापेक्षा उंबऱ्यावर अडवणं सोपं.

हा धडा त्यांना फुकट मिळालेला नाही. नायजेरियात कोको नावाचं एक लहानसं बंदर आहे. १९८७-८८ मध्ये तिथल्या एका माणसानं आपलं अंगण भाड्यानं दिलं, महिना शंभर डॉलरच्या आसपास. त्या अंगणात इटलीहून पिंपं येऊन पडू लागली. कागदावर भलताच माल, आत कारखान्यांचा विषारी कचरा. हजारो टन! याचा सुगावा लागला तो इटलीत शिकणाऱ्या नायजेरियन विद्यार्थ्यांना, आणि त्यांनी देशी वर्तमानपत्रांना कळवलं. नायजेरियानं इटलीचं एक जहाज अडकवून ठेवलं, राजदूत माघारी बोलावला आणि तो कचरा परत न्यायला लावला. त्याच वर्षी तिथे कडक कायदाही झाला.

पुढे १९८९ मध्ये बाझल करार आला. त्याचं म्हणणं, घेणाऱ्या देशाची लेखी संमती असेल तर असा कचरा पाठवता येईल. आफ्रिकी देशांचं समाधान झालं नाही. संमती किती स्वस्तात मिळते, हे कोकोच्या अंगणानं दाखवलं होतं. म्हणून त्यांनी १९९१ मध्ये मालीची राजधानी बामाको इथे आपला वेगळा करार केला: घातक कचरा बाहेरून आणायचाच नाही. इतकंच नव्हे, बनवणाऱ्या देशानं स्वतःकडे बंदी घातलेले पदार्थही या करारानं घातक कचऱ्यातच मोडले.

कचरा कचरा म्हणून येतो तोवर सोपं असतं. तो 'माल' म्हणून येतो तेव्हा खरी पंचाईत होते. घानाचं बघा. युरोपातून वापरलेले फ्रिज जहाजं भरभरून यायचे. तिकडे जुना फ्रिज मोडीत काढायला पैसे पडतात, इकडे तोच विकून पैसे येतात. घेणाऱ्यालाही आनंद, चला, स्वस्तात फ्रिज आला! पण असा फ्रिज वर्षाला सरासरी १,२०० युनिट वीज खायचा. म्हणजे महिन्याला शंभर. आपल्या वीजबिलातला पहिला टप्पा शंभर युनिटांचा असतो ना, तो अख्खा एकट्या फ्रिजला. शिवाय कित्येकांत ओझोनच्या थराला भोक पाडणारा जुना वायू.

आणि घानात विजेची बोंब. तिथे भारनियमनाला एक झकास शब्द आहे, 'डुमसोर'. डुम म्हणजे विझव, सो म्हणजे पेटव. विझव-पेटव, विझव-पेटव! आपल्या 'लोडशेडिंग'ला ही चव नाही. तर २००८ मध्ये घानानं नियम केला: वापरलेले फ्रिज आणि एसी आणायचे नाहीत, पिवळ्या उजेडाचे जुने बल्बही नाहीत. फ्रिजबंदीची प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जानेवारी २०१३ पासून. मधली चार वर्षं म्हटलं तर ढिलाई, म्हटलं तर शहाणपण. व्यापाऱ्यांना माल संपवायला वेळ मिळाला. जुना फ्रिज आणून द्या, नव्यावर सूट घ्या, अशी योजना निघाली. नव्या फ्रिजवर ताऱ्यांचं लेबल आलं. तेमा बंदरात उतरलेले जुने फ्रिज जप्त होऊ लागले.

यात भरडलं कोण गेलं, हेही बघायला हवं. जुने फ्रिज विकणारा आणि दुरुस्त करणारा तर गेलाच. पण जिला नवा परवडत नाही आणि घरी थंड पाणी विकून चार पैसे मिळवायचे आहेत, अशी बाईही. बंदीची किंमत उंबऱ्याच्या आत असलेल्यांनीच मोजली. हे अहवालांत एका ओळीत उरकतात. मला ते पटत नाही.

बरं, उंबरा एकट्याचा असेल तर ठीक. केनियानं २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या. शिक्षा चार वर्षांपर्यंत कैद किंवा चाळीस लाख शिलिंगपर्यंत दंड. रवांडानं हे २००८ मध्येच केलं होतं. पण शेजारच्या युगांडात बंदी बरीचशी कागदावर, आणि पूर्व आफ्रिकेचा २००५ पासूनचा सीमाशुल्क संघ एकच. पिशव्या तिकडून चोरवाटेनं येत राहिल्या. आपण हसू नये. आपली २०१८ ची प्लास्टिकबंदी आठवा. आपल्या राज्याला तर सीमेवर कस्टमच नाही.

आणि कधीकधी फाटकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. पूर्व आफ्रिकेच्या नेत्यांनी २०१६ मध्ये ठरवलं, की बाहेरून येणारे जुने कपडे हळूहळू बंद करायचे. रवांडानं शुल्क किलोला २० सेंटवरून अडीच डॉलरवर नेलं. अमेरिकेतले जुन्या कपड्यांचे व्यापारी तिथल्या सरकारकडे तक्रार घेऊन गेले. अमेरिकी बाजारातली शुल्कमाफी जाईल या धास्तीनं केनियानं माघार घेतली, पाठोपाठ इतरांनीही. रवांडा हटला नाही, तेव्हा जुलै २०१८ मध्ये अमेरिकेनं रवांडाच्या कपड्यांची शुल्कमाफी स्थगित केली. आज हे उदाहरण कापडी कचऱ्याविरुद्धचा लढा म्हणून सांगतात. तेव्हाची भाषा देशी कापडधंद्याची आणि स्वाभिमानाची होती. मला यात लबाडी दिसत नाही. पर्यावरण आणि धंदा यांची अशी सरमिसळ सगळेच करतात. युरोप जंगल तोडून पिकवलेला कोको (बंदर नव्हे, चॉकलेटचा) नको म्हणतो तेव्हा त्याला पर्यावरण म्हणायचं, आणि रवांडानं उतरलेले कपडे नको म्हटलं की संरक्षणवाद! यातला फरक मला अजून कोणी नीट समजावून दिलेला नाही.

फाटकातून बाहेर जाणाऱ्या मालाचंही एक सांगतो. गॅबॉननं २०१० मध्ये लाकडाचे ओंडके निर्यात करायला बंदी घातली: कापायचं, सोलायचं ते इथेच. आपल्याकडच्या प्लायवूडवाल्यांना गॅबॉनचं ओकुमे ठाऊक असेल. गिरण्या उभ्या राहिल्या, रोजगार आला. पण २०१९ मध्ये ओवेंडो बंदरातून केवाझिंगो या तोडायला बंदी असलेल्या लाकडाचे जप्त केलेले साडेतीनशेवर कंटेनर गायब झाले. वनमंत्र्यांची खुर्ची गेली. राखणदारासमोरूनच माल गेला होता.

शेवटी एका श्रोत्यानं चिठ्ठीवर विचारलंय, की बाहेरून येणाऱ्या जुन्या गाड्यांच्या वयावर केनियात मर्यादा आहे, मग चिंता कसली? मर्यादा आहे, आठ वर्षांची. पण गाडी आत आली की तिची बॅटरी कधीतरी संपतेच. मोंबासाला ओविनो उहुरू नावाची वस्ती आहे. तिच्या भिंतीला लागून २००७ मध्ये जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवणारा कारखाना निघाला, तोही निर्यातीसाठी सवलती देणाऱ्या क्षेत्राच्या परवान्यावर. तिथे नोकरी करणाऱ्या फिलिस ओमिडो या बाईंच्या तान्ह्या मुलाच्या रक्तात शिसं सापडलं. त्यांनी नोकरी सोडली आणि लढा उभा केला. २०१४ मध्ये कारखाना बंद पडला. २०२० मध्ये न्यायालयानं वस्तीला १.३ अब्ज शिलिंगची भरपाई मंजूर केली आणि कारखान्याबरोबर सरकारी यंत्रणांनाही जबाबदार धरलं. त्यावर अपिलं झाली, आणखी वर्षं गेली. २०१५ मध्ये ओमिडो बाईंना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, तेव्हा वस्तीतली मुलं त्याच मातीत खेळत होती.