बार्शी लाइट आणि फावड्यावरचा हुरडा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय बार्शी लाइट रेल्वेबद्दल. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज या पट्ट्यातली जुनी मंडळी ऐकत असतील तर त्यांनी रेडिओ जरा मोठा करावा, कारण ही त्यांची गाडी. बाकीच्यांसाठी सांगतो, ही गाडी लहान होती. किती लहान? दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. आपण पुण्या-मुंबईला ज्या गाडीनं जातो तिचं साडेपाच, हिचं अडीच. निम्म्याहूनही कमी.

बार्शी ही कापसाची पेठ. पण जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीनं मुंबई-सोलापूरची मोठी लाइन टाकली ती बार्शीला 21 मैल बाजूला ठेवून. जवळचं स्टेशन कुर्डुवाडी, आणि त्याचं नाव काय ठेवलं? बार्शी रोड! म्हणजे इथं उतरा आणि पुढचा रस्ता तुमचा तुम्ही बघा. मग कापसाच्या गाठी बैलगाडीनं, माणसं बैलगाडीनं, आणि पावसाळ्यात तर काळ्या मातीत बैलगाडीही नाही.

हा 21 मैलांचा प्रश्न डोक्यात घेतला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं. तो आधी जीआयपीतच नोकरीला होता. 1895 साली त्यानं लंडनमध्ये कंपनी काढली आणि 1897 साली बार्शीला गाडी आणली. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडीतल्या प्रत्येक आसावर, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या दांड्यावर, वजन सारखं ठेवायचं, आणि ते पाच टनांच्या वर जाऊ द्यायचं नाही. इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, एका आसावर पाच टन. लक्षात ठेवा, पाच टन. एवढं सांभाळलं की रूळ हलका चालतो. यार्डाला 30 पौंडांचा रूळ त्याला पुरला. रूळ हलका म्हणजे खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणून बार्शीसारख्या गावाला रेल्वे परवडली. लीड्सच्या किटसन कारखान्यातून इंजिनं आली, तीही वजन बऱ्याच चाकांवर वाटून घेणारी. नाहीतर आपल्याकडची पद्धत, आधी कोटींचा आकडा जाहीर करायचा आणि मग त्यात काय बसतंय ते शोधायचं. असो, तो आजचा विषय नाही. पुढे याच कॅलथ्रॉपनं विमानातून उडी मारायची हवाई छत्री बनवली, ‘गार्डियन एंजल’ नावाची. आगगाडीवाल्या माणसाला हे का सुचावं? पण काही डोकी अशी असतात खरी.

आता हुरड्याकडे येतो.

माझा मामा या गाडीवर आगवाला होता, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा मारणारा. साठीच्या दशकातली गोष्ट, मी मराठी तिसरीत असेन. पौष महिना. आजी आणि मी बार्शीहून कुर्डुवाडीला निघालो होतो आणि इंजिनावर नेमका मामा. ड्रायव्हर एक चाचा होते, मेंदी लावलेली दाढी, डोक्याला बांधलेला रुमाल. आम्ही इंजिनामागच्या पहिल्याच डब्यात. आजी खिडकीकडे पाठ करून बसलेली, कारण त्या डब्यात खिडकीला बसलं की कोळशाचा कण डोळ्यात ठरलेला. मग पदराच्या टोकाची गुंडाळी करायची, त्यावर गरम फुंकर मारायची आणि डोळ्याला लावायची. हे औषध तेव्हा प्रत्येक बाईला येत होतं.

दोन स्टेशनांच्या मध्ये चढ होता. तिथं गाडी इतकी दमानं जायची की बाजूच्या पायवाटेनं चालणारा माणूस तिला सोबत करी. मामाचा दोस्त होता एक शेतकरी, त्याचं रान अगदी रुळाला लागून. तो बांधावर उभाच होता. गाडी जवळ आल्यावर ओरडला, “पावणं, घ्या!” आणि कणसांची पेंढी इंजिनात फेकली. गुळभेंडी ज्वारीची कणसं, दाणा नखानं दाबला तर दूध येईल अशी.

आता मामाला धीर कुठला. त्यानं फावडं पुसलं, चार कणसं त्यावर ठेवली आणि भट्टीचं दार उघडलं. चाचा म्हणाले, “अरे रुक, चढाव है.” मामा कशाला ऐकतोय!

इथं एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल. वाफेच्या इंजिनात वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर टाकतात. ते जे भक् भक् ऐकू येतं ना, ते तेच. ती वाफ बाहेर पडताना भट्टीतली हवा आपल्यामागं ओढून नेते, म्हणून भट्टी फुलते. भक् जितका मोठा, तितकी भट्टीची ओढ मोठी. आणि चढावर भक् सगळ्यांत मोठा.

मामानं फावडं दारात धरलं मात्र, कणसं उठली आणि आत! चारही. मामा नंतर शपथेवर सांगायचा की त्यानं हात हलवलासुद्धा नव्हता, भट्टीनंच ओढून घेतली. पाचोळा आधी गेला, मागोमाग कणसं. चाचांनी वळूनही बघितलं नाही. म्हणाले, “ले, इंजिन खा गया.”

पुढच्या स्टेशनात इंजिनाला पाणी भरायचं होतं, आणि समोरून येणारी गाडी यायची होती. म्हणजे चांगली पंधरा-वीस मिनिटं. मी उडी मारून इंजिनापाशी. आता मामानं नीट केलं. इंजिन उभं, म्हणजे ओढ नाही, भट्टीत नुसता लालबुंद विस्तव. कोळसा मारून मारून फावड्याचं तोंड चांदीसारखं झालेलं. त्यावर कणसं आडवी लावली, फावडं दाराच्या तोंडाशी धरलं, आत नाही, तोंडाशी, आणि मनगटानं एकेक कणीस फिरवत राहिला. घामानं त्याची पाठ भिजलेली आणि तोंडावर असं लक्ष, की शेडमधल्या साहेबानं बघितलं असतं तर बढतीच दिली असती.

भाजलं, पण चोळायचं कशात? इंजिनात जो चिंधा होता तो तेलानं माखलेला. आजी डब्यातूनच ओरडली, “मेल्या, त्या फडक्याला लावू नकोस, इकडं आण!” मामानं फावडं तसंच डब्याच्या दारापर्यंत नेलं. आजीनं गाठोड्याचं धुवट फडकं सोडलं आणि गरम गरम कणसं त्यात धरून चोळायला घेतली. हिरवा दाणा पडायला लागला तसे डब्यातले लोक सरकत सरकत जवळ. तेवढ्यात गार्डबाबू मागून तरातरा आले, काखेत हिरवी झेंडी, चेहऱ्यावर सरकारी राग. आजीनं त्यांच्या हातावर मूठभर हुरडा ठेवला. ते गेले आणि परत आले ते डबा घेऊन. डब्यात शेंगदाण्याची चटणी!

आजीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, “रॉकेल प्याल्यागत लागतंय.” आणि मग उरलेला निम्मा तिनंच संपवला.

आजीचं चुकीचं नव्हतं. हुरडा गोवऱ्यांच्या आगटीतच भाजावा, कोळशाला ती चव नाही. आता तर शंभर किलोमीटर मोटार हाणत लोक हुरडा पार्टीला जातात, तिथं उंट असतो, डीजे असतो आणि हुरडा ताटलीत मोजून मिळतो, तोही कसल्या कसल्या ज्वारीचा. गुळभेंडी किंवा सुरती नसेल तर माझ्या मते घरी बसावं.

पण श्रोतेहो, वाफेच्या इंजिनाची आठवण काढून हळहळणारे आपण सगळे डब्यात बसलेले लोक. मामा कधी हळहळला नाही. उन्हाळ्यात भट्टीचं दार उघडलं की चेहरा भाजायचा, ड्युटी संपली तरी पाठ सरळ होत नसे. डिझेल इंजिन आलं तेव्हा आम्ही तोंड पाडलं आणि मामा खूश. म्हणाला, “आता घरी आलो की बायको वळखती.” डिझेलमध्ये हुरडा भाजता येत नाही हे मी त्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, “घरी चूल हाय की.”

घड्याळाकडे बघतो तर बराच वेळ हुरड्यातच गेला, तेव्हा बाकीचं भराभर. 1906 साली ही लाइन कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेली आणि वारीचं चित्र बदललं. आषाढीला डबे पुरायचे नाहीत, मालाच्या उघड्या वाघिणींतून वारकरी जायचे, वरून पाऊस आणि आत अभंग. 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. म्हणजे 21 मैलांपासून सुरुवात आणि शेवटी 200 मैलांच्या वर. 1954 साली सरकारनं कंपनी विकत घेतली. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना मात्र राहिला, आणि त्या गावात आजही दर चार घरांआड कुणीतरी रेल्वेतलं निघतंच.

2008 पर्यंत लातूरची लाइन मोठी, म्हणजे साडेपाच फुटी झाली. जुनी गाडी धाराशिव शहर बाजूला टाकून येडशीवरून जायची. नवी वळसा घेऊन धाराशिवला जाते. बार्शीची जी तक्रार जीआयपीबद्दल होती तीच धाराशिवची या गाडीबद्दल होती, ती शंभर वर्षांनी मिटली. मिरज-पंढरपूरही पाठोपाठ मोठी झाली. आणि एप्रिल 2016 मध्ये, लातूरचे नळ कोरडे पडले तेव्हा, मिरजेहून पाण्याची पहिली गाडी याच मार्गानं गेली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. अडीच फुटी रुळावर हे जमलं नसतं. पाच टन आठवतंय ना? पाण्यानं भरलेली अशी एक वाघीण एकटीच पन्नास टन पाणी नेते.

पुढच्या वेळी मिरज जंक्शन. तिथं एका काळी तीन मापांचे रूळ शेजारी शेजारी होते, मोठे, मीटरचे आणि आपले अडीच फुटी, आणि एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत भरायला हमालांची फौज लागायची. त्या हमालांच्या चहावाल्याची एक गोष्ट आहे, ती तेव्हा सांगतो. नमस्कार.