कुंडीतली चिठ्ठी जपा

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगेतून दोन-तीन फोन माझ्याकडे वळलेले दिसताहेत, म्हणजे प्रश्न कोणता येणार ते कळलं. "पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातून ऑर्किड आणलं, हा फोटो, याचं नाव काय?" उत्तर आधीच देऊन टाकतो: फोटोवरून नाव सांगता येणार नाही. मलाच नाही, कुणालाच नाही.

कारण संकरित आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, नाव तिच्या रूपावरून पडत नाही, आईबापावरून पडतं. क आणि ख यांचा संकर कुणीतरी केला, त्याची नोंद लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे झाली, की त्या जोडीच्या सगळ्या लेकरांना तेच नाव. आपल्याकडे आडनाव चालतं तसं. मग एखादी गोरी, एखादी सावळी, कुणाच्या ओठावर ठिपके. त्यातलं एखादं रोप फारच देखणं निघालं, तर त्याला एकेरी अवतरणात स्वतःचं नाव मिळतं. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल व्हँडा मिस जोकिम हा असाच दोन जातींचा संकर, टेरेस आणि हूकेरियाना. १९८१ मध्ये ते राष्ट्रीय फूल झालं. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला व्हँडातून काढून पॅपिलिओनँथी या प्रजातीत, म्हणजे जातींच्या दुसऱ्या गटात, बसवलं. आईबाप तेच राहिले, पत्ता बदलला.

हा घोळ जुना आहे. इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी केलेल्या पहिल्या संकराला १८५६ मध्ये फूल आलं. ते पाहून जॉन लिंडली हे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणाले होते, तुम्ही आम्हाला वेड लावणार. आज सोसायटीच्या त्या नोंदवहीत लाखाहून जास्त नावं आहेत. त्यात तुमचं जांभळं फूल शोधायचं म्हणजे लक्ष्मी रोडवर गणपतीच्या गर्दीत निळ्या शर्टाचा माणूस शोधण्यासारखं.

म्हणून कुंडीत खोचलेली नावाची चिठ्ठी फेकू नका. शाई उन्हाने उडते; पेन्सिलीने दुसरी लिहून ठेवा. चिठ्ठी नसेल तर स्वतःच्या मनाने नाव देऊ नका, सरळ 'बिननावाचं' लिहा आणि कुठून, कधी आणलं ते टिपा.

पण घरच्या माणसाला नावापेक्षा वाढीची तऱ्हा कळणं जास्त उपयोगाचं, आणि ती फूल नसतानाही दिसते. झाड उसासारख्या कांड्या टाकत बाजूला सरकतंय? बहुधा डेंड्रोबियम. फुगीर कांडाच्या टोकाला एक किंवा दोन जाड पानं? कॅटलियाच्या गोतावळ्यातलं. एकच शेंडा, दोन्ही बाजूंना पट्ट्यासारखी पानं आणि हवेत लोंबणारी जाड मुळं? व्हँडा. बुटकं, रुंद मांसल पानांचं, कांडी नाहीच? फॅलेनॉप्सिस. एवढं ओळखलंत की एका झाडाची दोन करताना सुरी कुठे चालवायची आणि कुठे नाही, ते ठरतं.

बियांचा मोह मात्र सोडा. एका शेंगेत लाखो बिया असतात, पण धुळीएवढ्या, आणि अंकुराला लागणारा शिधाच त्यांच्यात नसतो. जंगलात एक बुरशी तो पुरवते. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी साखरेच्या माध्यमावर बिया रुजवून दाखवल्या, तेव्हा बाटलीतली रोपं शक्य झाली. आपल्या स्वयंपाकघरात ते निर्जंतुक काम जमायचं नाही. आणि जमलं तरी संकराचं बी आईसारखं निघत नाही. हुबेहूब तेच झाड हवं, तर त्याचाच तुकडा लावावा लागतो.

कॅटलिया आणि डेंड्रोबियमचे भाग करताना प्रत्येक भागात तीन-चार कांड्या ठेवा. एकेकटी कांडी लावली तर दोन-तीन वर्षं फुलाची वाट बघा. नव्या कोंभाला मुळं सुटायला लागली की वेळ झाली. माझ्या गच्चीवर ती मेअखेर ते जूनमध्ये येते. भर पावसात कापू नका, जखम कुजते. डेंड्रोबियमच्या पानं झडलेल्या जुन्या कांड्या तर मुळीच टाकू नका. पेरापेराने तुकडे करून ओलसर शेवाळावर, म्हणजे मॉसवर, आडवे ठेवले, की काही महिन्यांत डोळ्यांतून पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, फुटतात. पिल्लाची मुळं दोन-अडीच इंचांची झाली की वेगळं करा. फॅलेनॉप्सिसचे भाग पडत नाहीत. कधी फुलाच्या दांड्यावर पिल्लू आलं तर नशीब. व्हँडाचा शेंडा स्वतःची दोन-तीन मुळं असतील तरच कापा.

आता माझी चूक सांगतो. एका रविवारी मी एकाच कात्रीने सात झाडं कापत गेलो. पुढे पानांवर काळपट रेघा उमटल्या. विषाणू कात्रीवरच्या रसातून पसरतो आणि त्यावर औषध नाही. सातही टाकून दिली. तेव्हापासून प्रत्येक झाडाआधी पातं गॅसवर लाल करतो. बायको अजून विचारते, चहा टाकलाय का!

लावायला माती नको. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचं सोडण. टँकरचं जड पाणी असेल तर मुळांवर पांढरा थर बसतो. पावसाचं पाणी साठवा.

चला, आता आणलेली झाडं बघू. ती निळ्या पिशवीतली कुणाची? चिठ्ठी आहे का?