फोनमध्ये रेडिओ वाजतो, तेव्हा अलार्मचं काय होतं?

मंडळी, बेसमेंटमध्ये नाहीतर एखाद्या क्लॉझेटमध्ये भिंतीला ठोकलेला तो पत्र्याचा डबा घराबरोबर आपसूक मिळतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आत घरफोडीच्या अलार्मचं पॅनल असतं, 12 व्होल्टची बॅटरी असते आणि एक केबल फोनच्या लाइनकडे गेलेली असते. मग एके दिवशी फोन उचलावा तर मागे कुणीतरी बेसबॉलची कॉमेंटरी करतंय! लोक मला बोलावतात ते या कॉमेंटरीपायी. अलार्मबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला मात्र काळजी वाटते ती त्या अलार्मचीच.

आधी हा रेडिओ येतो कुठून ते बघू. आपण उत्तर न्यू जर्सीत राहतो. लोडीला 770 किलोहर्ट्झवर डब्ल्यूएबीसी या रेडिओ स्टेशनचं प्रक्षेपण केंद्र आहे, 50 किलोवॅटचं. मेडोलँड्सच्या दलदलीत 710 आणि 1010 किलोहर्ट्झच्या स्टेशनांचे मनोरे आहेत, तेही 50 किलोवॅटचेच. दलदल का, तर ओली, खारट जमीन ए.एम.च्या लहरींना फार मानवते. 770 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण 390 मीटर. तिच्या चौथाईएवढी, म्हणजे शंभरेक मीटर वायर असली की उत्तम अँटेना झाली. खांबावरून घरात आलेली आणि खोल्याखोल्यांतून फिरलेली फोनची वायर तेवढी सहज भरते.

असं असूनही बहुतेकांच्या फोनमध्ये रेडिओ का वाजत नाही? फोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ घातलेल्या असतात. रेडिओची लहर दोन्हींवर सारखीच चढते, आणि फोन दोघींमधला फरक तेवढा ऐकतो. फरक शून्य, म्हणून आवाजही नाही. हा समतोल बिघडला की गडबड सुरू होते. एका तारेचा जोड गंजलेला असतो, किंवा जुन्या घरांतली ती लाल-हिरवी-काळी-पिवळी बिनपिळाची केबल असते, किंवा एखादं यंत्र एका तारेला जमिनीशी जास्त जवळीक करू देतं. पण तेवढ्यानं भागत नाही. 770 किलोहर्ट्झ माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. त्यातलं बोलणं वेगळं काढणारं काहीतरी लागतं. एका दिशेनं वीज जास्त सोडणारा कुठलाही सांधा हे काम करतो. जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्याचा, रेडिओलहर ओळखणारा असाच सांधा बनवला, 1901 मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि 1904 मध्ये ते मिळवलं. बोसांनी जे जाणूनबुजून केलं, ते तुमच्या पॅनलमधला एखादा डायोड नकळत करतो. तांब्याचा गंजलेला जोडसुद्धा करू शकतो.

आता अलार्मकडे येऊ. काच फुटली, पॅनलला कळलं. ते फोनची लाइन ताब्यात घेतं आणि मॉनिटरिंग सेंटरला, म्हणजे अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीच्या केंद्राला, फोन लावतं. पलीकडचं यंत्र उचलतं आणि दोन सूर वाजवतं, आधी 1400 हर्ट्झचा आणि मग 2300चा. ते ऐकू आले तरच पॅनल बोलायला लागतं. काँटॅक्ट आयडी नावाच्या निरोपाच्या पद्धतीत निरोप 16 आकड्यांचा असतो: खातं, घटना, झोन (म्हणजे घरातलं कुठलं दार, खिडकी किंवा सेन्सर). फोनची बटणं दाबल्यावर येतात त्याच सुरांत तो जातो. 130 म्हणजे घरफोडी, 110 म्हणजे आग. शेवटचा आकडा पडताळणीचा. सगळ्यांची बेरीज पंधराच्या पटीत आली नाही तर पलीकडचं यंत्र निरोप स्वीकारत नाही. स्वीकारला तर ते पुन्हा 1400चा एक लांब सूर देतं, त्यावर पॅनल फोन ठेवतं.

या सुरांच्या मागे कॉमेंटरी चालली असेल तर? आपला कान कॉमेंटरी बाजूला सारून माणसाचं बोलणं ऐकतो. पॅनलच्या चिपला ते जमत नाही. सूर ओळखता आला नाही की ती पुन्हा प्रयत्न करते, मग पुन्हा. चुकीचा निरोप जाण्याची भीती कमीच, कारण पडताळणी कडक आहे. पण आग लागलेली असताना निरोप पोचायला दोन-तीन मिनिटं जास्त लागणं काही साधी गोष्ट नाही. शिवाय हे घरात कुणाला कळतही नाही, कारण निरोप पोचायला किती प्रयत्न लागले ते कीपॅडवरचा हिरवा दिवा सांगत नाही.

मग शोधायचं कसं? पहिली गोष्ट, मॉनिटरिंग सेंटरला फोन करून खातं 'टेस्ट'वर ठेवायला सांगा. डब्याच्या दाराला टॅम्पर स्विच असतो, दार उघडलेलं ओळखणारा. न सांगता दार उघडलं तर सायरन बोंबलेल आणि पोलिसही दाराशी येतील. दुसरी गोष्ट, साधा, वायरवाला, बिनबॅटरीचा फोन शोधून ठेवा. कॉर्डलेसचा उपयोग नाही, तो स्वतःच रेडिओ आहे.

तो फोन घेऊन घराबाहेरच्या राखाडी पेटीकडे जा, जिथे कंपनीची लाइन घराच्या वायरिंगला जोडलेली असते. तिच्यात टेस्ट जॅक असतो. त्यातला प्लग काढून तिथे फोन लावला की घरातलं सगळं वायरिंग तुटतं आणि फक्त कंपनीची लाइन उरते. इथेच रेडिओ ऐकू आला तर पुढे काही करू नका, कंपनीला बोलवा. पाऊस पडल्यावर आवाज वाढत किंवा नाहीसा होत असेल तर बाहेरच्या जोडावर दाट संशय घ्यायला हरकत नाही.

टेस्ट जॅकवर शांतता असेल तर घरात या. पॅनलजवळ आठ पिनांचा एक जॅक असतो, आरजे-31एक्स. माझ्या मते अख्ख्या घरातली सगळ्यात हुशारीनं केलेली वस्तू हीच. कंपनीची लाइन लाल-हिरव्या तारांनी पॅनलमध्ये शिरते आणि तपकिरी-करड्या तारांनी बाहेर पडून घरातल्या फोनांकडे जाते. म्हणून पॅनलला गरज पडली की ते घरातले फोन तोडून लाइन घेऊ शकतं. चोरानं स्वयंपाकघरातला फोन उचलून ठेवला तरी फरक पडत नाही. या जॅकमधून प्लग काढला की आतल्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि लाइन सरळ फोनांकडे जाते.

म्हणजे चाचणी अगदी सोपी. फोन कानाला लावा, कॉमेंटरी चालू असताना दुसऱ्या कुणाला तरी प्लग उपसायला सांगा. आवाज त्याच क्षणी बंद झाला तर गुन्हेगार पॅनल किंवा त्याच्या वायरी. चालूच राहिला तर पॅनल निर्दोष. घरातले बाकीचे फोन, फॅक्स, उत्तर-यंत्र एकेक काढत जा. आणि फोनच मेला तर जॅकचं वायरिंग चुकलंय, ते आधी नीट करा.

पॅनलच दोषी निघालं की खरी मजा येते. पॅनलला फोनखेरीज दारं-खिडक्यांच्या सेन्सरांच्या वायरी असतात, कीपॅडच्या असतात आणि पाण्याच्या पाइपला जाणारी अर्थची वायर असते. शेकडो फूट तांबं. लहर खिडकीच्या वायरीवरून आत शिरते आणि फोनच्या लाइनवरून बाहेर पडते. प्लग परत लावा, आणि फोन कानाला ठेवूनच एकेक झोनची जोडी मोकळी करा. कुठली काढल्यावर आवाज कमी होतो ते लिहून ठेवा. अर्थची वायरही क्षणभर काढून बघता येते. मात्र आकाशात वीज कडाडत असताना मुळीच नाही, आणि चाचणी झाली की लगेच परत बसवायची. फोनच्या तारांना उघड्या बोटांनी हात लावू नका, नेमकी तेव्हाच रिंग आली तर 90 व्होल्टचा झटका बसतो.

उपाय फेराइटचा, म्हणजे रेडिओलहर अडवणाऱ्या एका चुंबकीय पदार्थाचा. पण दुकानात मिळणारा, केबलवर टचकन बसणारा एक मणी ए.एम.समोर काहीच करत नाही. मोठी फेराइट रिंग घ्या, 31 नंबरच्या मिश्रणाची, आणि पॅनल ते आरजे-31एक्स ही केबल तिच्यातून दहा-बारा वेळा ओवून घ्या. अडवण्याची ताकद वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेढे महत्त्वाचे. केबल अख्खी ओवायची, चारही तारा एकत्र. लाल-हिरवी वेगळी काढून नाही. रिंग पॅनलच्या जितकी जवळ तितकं बरं. दोषी झोनच्या वायरीलाही तेच. काहीजण लाइनवर कपॅसिटर ठोकतात. डीएसएल, म्हणजे फोनच्या तारांवरून येणारं इंटरनेट, असेल तर तो इंटरनेटच खाऊन टाकेल, म्हणून मी सांगत नाही.

कॉमेंटरीऐवजी बदकासारखं क्वॅक-क्वॅक ऐकू येत असेल, किंवा ठरावीक वेळी झोन आपोआप उघडत असेल, तर शेजारी कुणी हॅम, म्हणजे हौसेनं रेडिओ प्रक्षेपण करणारा, असणार. भांडायला जाऊ नका. त्याचं प्रक्षेपण नियमात असेल तर फोन-अलार्म सुधारणं आपल्याकडेच येतं. यंत्रावरच्या एफसीसीच्या (अमेरिकेतल्या दळणवळणाचं नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पट्टीवरही हस्तक्षेप सहन करावा लागेल असं लिहिलेलं असतं. उलट त्याला चहाला बोलवा. तुम्ही पॅनलपाशी उभे असताना तो पाहिजे तेव्हा बटण दाबून देईल, आणि त्याच्याकडे फेराइटच्या रिंगाही पडलेल्या असतील.

सगळं झालं की दार उघडून अलार्म वाजू द्या आणि मॉनिटरिंग सेंटरला विचारा: निरोप कितव्या प्रयत्नात आला? पहिल्याच प्रयत्नात यायला हवा. ही चाचणी दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा करा, कारण सूर्यास्ताला अनेक ए.एम. स्टेशनं ताकद किंवा दिशा बदलतात.

मागून प्रश्न आला की घरात फायबर असेल तर? मग कंपनीची तांब्याची लाइनच नाही, बाहेरची पेटी बाद. फोन फायबर कंपनीनं घरात बसवलेल्या वेगळ्या डब्यातून निघतो, पण पुढचं जुनं वायरिंग तेच आणि आरजे-31एक्सही तोच, त्यामुळे घरातल्या चाचण्या जशाच्या तशा लागू. फक्त त्या डब्याला बॅटरी आहे का ते आज रात्री घरी गेल्यावर बघा. नसेल तर वीज गेली की पॅनलची बॅटरी चालू आणि फोन बंद.