बाळू आणि वाळू

श्रोतेहो, नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात तीन महिने मुलीकडे शिकागोला होतो. सकाळी कुत्र्याला फिरवून आणायचं खातं माझ्याकडे. कुत्र्याचं नाव बाळू. लॅब्राडोर, खादाड, आणि ओरडायचं झालं तर मराठीतच ओरडावं लागतं असा.

रविवारी मुलगी आम्हा दोघांना गाडीत घालून इंडियानात न्यायची, मिशिगन सरोवराच्या काठी. सरोवर म्हणजे आपलं तळं नव्हे हं. आपल्या कोकण विभागाच्या जवळपास दुप्पट! लाटा समुद्रासारख्या, पाणी मात्र गोडं. मी गुहागरचा, बाळूनं पाण्याला तोंड लावलं की "अरे, खारं आहे ते!" असं निघून जायचंच.

काठाला वाळूच्या टेकड्या, 2019 पासून राष्ट्रीय उद्यान. आमच्या वाटेचं नाव काउल्स बॉग. हे हेन्री काउल्स शिकागो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पाण्यालगत उघडी वाळू, मागे गवत, मग झुडपं, मग ओकचं रान, हा क्रम त्यांनी 1899 साली मांडला. गवतावर पाय द्यायचा नाही, वाळू त्याच्याच मुळांनी धरलेली असते. आणि कुत्र्याचा दोर सहा फूट. पुन्हा सांगतो, सहा फूट. आपल्याकडे मोकळा सोडतात आणि वर म्हणतात, "आमचा काही करत नाही हो." तुमचा करत नसेल, पण समोरच्याची पोटरी काय करणार? असो.

तर गंमत ऐका. चार दिवस पाऊस नव्हता. रान संपलं, वाळूत उतरलो आणि माझ्या पायाखाली कुईं झालं. दुसरं पाऊल, पुन्हा कुईं! तिथली वाळू गारगोटीची, कोरडी असली की पाय घासताना अशी बोलते. हे मला माहीत. बाळूला कोण सांगणार? त्याची खात्री पटली, आजोबांच्या बुटाखाली उंदीर आहे. कान ताठ, मान तिरकी, आणि लागला उकरायला. मी पाऊल सरकवलं, कुईं! तिकडे उकर. मी बूट काढले, तरी कुईं! ढोपरभर खड्डे झाले सात-आठ. खाली ओली वाळू लागली की आवाज नाही, उंदीरही नाही. मग मान वर करून माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच तो खिशात लपवलाय. शेवटी पाण्याच्या कडेनं, ओल्या वाळूतून चालत आलो, तर हा पठ्ठ्या दोर ताणून मला कोरड्यात ओढतोय! खड्डे बुजवायला पाऊण तास गेला. थर्मासातला चहा निवला, आणि निवलेला चहा मी पीत नाही.

घरी आल्यावर त्याचे कान, बगला चाचपून गोचिडी बघायच्या. हे विसरायचं नाही.

आता गुहागरला रोज संध्याकाळी किनाऱ्यावर पाय घासत चालतो. वाळू गप्पच. शेजारी विचारतात, "गुडघा धरलाय का हो?"