साक्षीदाराचा बाक

मंडळी, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मला मुळीच मान्य नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडला, त्यानेच पायरी चढायची नाही, तर आरोप सिद्ध व्हायचा कसा? पण पायरी चढल्यावर त्याने बसायचं कुठे, हा माझा आजचा प्रश्न आहे.

माझी मावशी एका मारहाणीच्या खटल्यात साक्षीदार होती. कोर्ट कोणतं ते सांगत नाही. मे महिना होता, आणि विदर्भातला मे तुम्हाला काय सांगायचा! पहाटेची एसटी पकडून ती साडेदहाला हजर. मी सोबत होते. व्हरांड्यात बाक एकच. एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला आरोपीचा भाऊ. त्याने धमकी दिली नाही. मधूनमधून एवढंच विचारायचा, “मावशी, पोरगी आता कितवीत आहे?” मला वाटलं, चांगला माणूस आहे. मावशीने मात्र डबा उघडलाच नाही. चार वाजता पुढची तारीख पडली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा पुकारा झाला तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, “मला नीट आठवत नाही.” तिला फितूर ठरवलं गेलं. हा शब्द मला अजून बोचतो. फितूर म्हणजे रात्री गडाचा दरवाजा उघडणारा. मावशीने कुठला दरवाजा उघडला होता?

१३ ऑगस्ट २००४ ला आपल्या नागपूरच्या कोर्टात काय घडलं, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे: कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांवर अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या अक्कू यादव या गुंडाला जमावाने कोर्टातच ठार मारलं. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्याआधी कस्तुरबानगरच्या बायकांना आधार कुणी दिला होता, हे मी स्वतःला आजही विचारते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. कबूल केलेला विषय भराभर सांगते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. भीती असेल तर अर्ज करता येतो. जिल्हा न्यायाधीशांची समिती तो बघते, पोलीस धोक्याचा अहवाल देतात. साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येऊ नयेत, हे त्या योजनेतच लिहिलंय! म्हणजे तो बाक बेकायदा म्हणावा असाच. जाण्यायेण्याचा खर्चही मागता येतो, मावशीला ते कुणी सांगितलं नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. पीडितांना भरपाईची तरतूद आहे, आणि बलात्कार व ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी आपल्या राज्याची २०१३ ची मनोधैर्य योजना. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात साक्ष देताना मुलाला आरोपी दिसू नये आणि विश्वासातलं माणूस जवळ असावं, असा कायदाच आहे.

वेळ संपली. तुमच्या शेजारची कुणी उद्या तारखेला जाणार असेल, तर सोबत जा. बाकावर तिच्या आणि त्या दुसऱ्या माणसाच्या मधे बसा.